मागे राहणारी बाजू

पहाटे ५.४५, कर्जत

रात्रपाळीचे वॉचमन काका रोज पहाटे ओव्हनच्या आकड्यांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि खाली एकच ओळ लिहितात. आजची ओळ : ‘१२०. लाईट गेली नाय.’ एवढं वाचलं की सकाळचा चहा निवांत होतो. जुलैच्या पावसात वीज रात्रभर टिकली, म्हणजे काल संध्याकाळी ओव्हनमध्ये ठेवलेल्या बाटल्यांना अखंड १२० अंश मिळाले. मध्येच तापमान घसरून पुन्हा चढलं असतं तर आतल्या स्फटिकांची वाढ अडखळली असती, शिवाय नव्या कणांची भर पडली असती. मग एकाच बाटलीतून थोरले-धाकटे एकत्र निघतात आणि त्यांच्यावरून काहीच ठरवता येत नाही.

मी धातू आणि सेंद्रिय आम्ल यांच्या जोडणीतून स्फटिक वाढवते. धातूच्या अणूंचे छोटे पुंजके हे सांधे, आणि दोन्ही टोकांना जोडणी करू शकणारे सेंद्रिय रेणू या दांड्या. सांध्याला दांडी, दांडीला पुढचा सांधा असं करत तिन्ही दिशांना जाळी उभी राहते, आणि जाळीच्या आत उरते ती पोकळी. त्या पोकळीसाठीच हा सगळा खटाटोप. प्रयोगशाळेत आम्ही यांना ‘मॉफ’ म्हणतो. २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामाला मिळालं : जपानचे सुसुमु कितागावा, ऑस्ट्रेलियात काम करणारे रिचर्ड रॉबसन आणि अमेरिकेतले ओमर याघी. तेव्हापासून ‘तू नेमकं करतेस काय’ हा घरातला प्रश्न बंद झाला. आता विचारतात, ‘विकलं जातं का ते?’

७.००, चार फाटा

कंपनीची बस चार फाट्यावर येते. चौकच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना लावणी चाललेली दिसते. इरली कमी झाली, प्लास्टिकचे कागद आले, पण वाकलेल्या पाठी त्याच. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, ‘कर्जत’ नावाच्या भाताच्या जाती तिथून निघाल्या. त्यामुळे इथे बसमध्येसुद्धा चुडावर चर्चा होते. एका चुडात रोपं किती, दोन चुडांत अंतर किती. दाट लावलं की शिवार लवकर हिरवं दिसतं पण लोंब्या बारीक राहतात. बेतानं लावलं की फुटवे येतात, दाणा भरतो. खत तेवढंच, पाणी तेवढंच.

माझ्या बाटलीतला हिशेब असाच चालतो. द्रावणात धातू आणि आम्ल ठरावीकच असतं. सुरुवातीला एकदम लाखो बीजकण जन्मले तर प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर माल येतो आणि हाती धूळ लागते. बीजकण थोडे जन्मले तर तोच माल त्यांच्यावर थरावर थर चढतो. स्फटिकाचा आकार राखणं म्हणजे बऱ्याच अंशी जन्म आवरणं.

चौकच्या पुढे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर येतो. इर्शाळगड ढगात गेलेला असतो. दांड फाट्यावरून आत वळलं की रसायनी, मोहोपाडा, आणि पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र. ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते याचं कारण वर खोपोलीला आहे. १९१५मध्ये सुरू झालेल्या तिथल्या जलविद्युत केंद्रात घाटावरच्या धरणांचं पाणी येतं, चक्र फिरवतं आणि पाताळगंगेत सोडलं जातं. या पट्ट्यातले कारखाने त्या पाण्याच्या भरवशावर उभे आहेत.

८.१५, आर्द्रता ९१ टक्के

आमचा गाळा लहान आहे : पुढे प्रयोगशाळा, मागे पाच लिटरचा काचेचा रिअ‍ॅक्टर, बाजूला गाळण्याची जागा. आत आल्यावर पहिली नजर भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे जाते. बाहेर ९१, आत हवा सुकवणारं यंत्र रात्रभर चालू ठेवून ५५.

पाणी हा आमच्या धंद्यातला सगळ्यांत लबाड घटक. मॉफ-५ हा याघींच्या गटाचा १९९९चा गाजलेला स्फटिक जस्त आणि टेरेफ्थॅलिक आम्लाचा आहे. दमट हवेत तो उघडा ठेवला की पाण्याचा रेणू जस्त आणि ऑक्सिजनच्या जोडावर बसतो आणि जाळी कोसळते. इथे जुलै महिन्यात मॉफ-५ बनवणं म्हणजे हौस. म्हणून आम्ही झिर्कोनियमकडे वळलो. २००८मध्ये ऑस्लो विद्यापीठात तयार झालेलं यूआयओ-६६ पाण्याला दाद देत नाही, कारण झिर्कोनियम-ऑक्सिजन जोड फार मजबूत. त्यात दांडी तीच, टेरेफ्थॅलिक आम्लाची. सांधा मात्र सहा झिर्कोनियम अणूंचा, आणि प्रत्येक सांध्याला बारा दांड्या.

पण तयार स्फटिक पाण्याला घाबरत नसला तरी त्याचा कच्चा माल घाबरतो. झिर्कोनियम क्लोराईडची बाटली दमट हवेत उघडली की पांढरा धूर निघतो, तो हायड्रोक्लोरिक आम्लाचा. बाटली जितकी जुनी आणि जितक्या वेळा उघडलेली, तितकं पाणी तिनं पिऊन ठेवलेलं. गंमत अशी की सहा अणूंचा तो सांधा बांधायला ऑक्सिजन लागतो आणि तो पाण्यातूनच येतो. म्हणजे पाणी अजिबात नको असंही नाही. जानेवारीतल्या बाटलीनं एक माल द्यावा आणि जुलैतल्या बाटलीनं दुसराच, याचं मूळ इथे आहे. आमचा नियम साधा आहे : सगळं कोरडं ठेवायचं आणि पाणी मोजून घालायचं. नव्या मुलीला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. ती खोपोलीहून येते, एम.एस्सी. करून नुकतीच लागली आहे.

९.३०, वजनं

कोरड्या पेटीत रबरी हातमोज्यांत हात घालून वजनं चालू आहेत. झिर्कोनियम क्लोराईड २३३ मिलिग्रॅम, टेरेफ्थॅलिक आम्ल १६६ मिलिग्रॅम. रेणूंच्या हिशेबानं एकास एक. दोन्ही पांढऱ्या भुकट्या. आम्ल अगदी मऊ, पाण्यात जवळपास न विरघळणारं.

या आम्लाला या परिसरात कोणी परकं म्हणणार नाही. इथल्या रिलायन्सच्या संकुलात १९८२पासून पॉलिएस्टरचा धागा निघतो, आणि पॉलिएस्टर म्हणजे टेरेफ्थॅलिक आम्ल आणि ग्लायकॉल यांची साखळी. तिथे ते टनांनी मोजतात. साडी, शर्ट, पाण्याची बाटली, सगळ्यांत तेच. नवी मुलगी फावल्या वेळात धबधब्यांवरच्या बाटल्या कापून त्यातून हे आम्ल परत मिळवायच्या मागे आहे. रसायनशास्त्र तिच्या बाजूनं आहे : अल्कलीत तापवलं की साखळी तुटते, मग खनिज आम्ल घातलं की पांढरा साका खाली बसतो. कर्जतला पावसाळी सहलींना येणारी मंडळी कच्चा माल मागे सोडून जातात, त्यात कधी खंड पडत नाही.

भुकट्या डीएमएफ नावाच्या द्रावकात विरघळतात. हा द्रावक यकृताला वाईट आणि गर्भालाही धोक्याचा, त्यामुळे धूरपेटीच्या काचेबाहेर त्याचा थेंबही येता कामा नये. तो नुसता विरघळवत नाही, वाढीतही भाग घेतो. तापवल्यावर तो हळूहळू फुटतो आणि त्यातून डायमिथाइलअमाइन निघतं, ज्याचा वास सुकटीच्या टोपलीसारखा. हे अमाइन टेरेफ्थॅलिक आम्लाच्या टोकांवरचा हायड्रोजन काढून घेतं आणि मग ती टोकं धातूला धरतात. आम्ल एकदम तयार न होता थोडं थोडं तयार होतं. पहिला लगाम हा.

दुसरा लगाम ॲसेटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा. टेरेफ्थॅलिकला जोडणीची टोकं दोन, ॲसेटिकला एक. ॲसेटिक सांध्यावर जाऊन जागा अडवतं, पण पुढे काही जोडू शकत नाही. टेरेफ्थॅलिकला जागा हवी तर आधी त्याला उठवावं लागतं. याला आम्ही मॉड्युलेटर म्हणतो. कितागावांच्या क्योतोतल्या गटानं २००९च्या सुमारास तांब्याच्या स्फटिकांवर ही युक्ती दाखवली, आणि २०११मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हर विद्यापीठातल्या गटानं ती झिर्कोनियमवर चालवली. मॉड्युलेटर नसताना चिकटलेला बारीक गाळ, आणि जसजसं त्याचं प्रमाण वाढवावं तसतसे सुटे, कडा असलेले अष्टफलक.

‘ताई, पण आपण वाढीला मदत करणारं काहीच घालत नाही. सगळं अडवणारंच घालतो,’ नवी मुलगी म्हणाली.

तिनं मर्म बरोबर पकडलं. झिर्कोनियम आणि ऑक्सिजन एकदा जोडले की सहज सुटत नाहीत. घाईत दांडी वाकडी बसली तर ती वाकडीच राहते, आणि तिच्यावर पुढचं बांधकाम होतं. स्फटिकात सरळ रांग हवी असेल तर चुकीच्या जागी बसलेल्याला उठता आलं पाहिजे. ॲसेटिक आम्ल ती उठाबशी चालू ठेवतं.

बाटल्यांवर चिकटपट्ट्या लागल्या : ०, १०, ३०, १००. टेरेफ्थॅलिक आम्लाच्या तुलनेत मॉड्युलेटर किती पट, तो हा आकडा. तीसपट म्हणजे या बाटलीत १.७ मिलिलिटर.

११.००, मामांची परीक्षा

कालच्या बाटल्या ओव्हनमधून काढून थंड केल्या. इथे पहिला निकाल कोणतंही यंत्र देत नाही. रिअ‍ॅक्टर आणि गाळणं सांभाळणारे मामा चारही बाटल्या एकदम हलवतात, टेबलावर ओळीनं ठेवतात आणि घड्याळ बघतात. किती वेळात वरचा द्राव निवळतो?

शून्याची बाटली तशीच दुधाळ. दहाची वरच्या बाजूनं किंचित फिकी. तीसच्या बाटलीत काही वेळानं वर स्वच्छ द्रावाची पट्टी दिसू लागली आणि ती खाली सरकत गेली. शंभरची तर बघता बघता निवळली. तळाशी पांढरा थर, वर पाण्यासारखा द्राव. बाटली तिरकी केली की थर वाळूसारखा घसरतो.

यात जादू नाही. कणाचा व्यास दुप्पट झाला की त्याचा बसण्याचा वेग चौपट होतो, स्टोक्सचा नियम. मामांना स्टोक्स माहीत नाही. या पट्ट्यातल्या औषधांच्या कारखान्यांत त्यांनी आयुष्यभर फिल्टर आणि सेंट्रिफ्यूज चालवले. तिथेही औषधाचा शेवटचा टप्पा स्फटिकाचाच असतो आणि आकार बिघडला की सगळं अडतं. लांब सुया निघाल्या तर त्या एकमेकींवर आडव्या पडून कापड बुजवतात, द्रावक आत अडकतो, वाळवायला दुप्पट वेळ जातो, आणि सुकलेली भुकटी नळीतून ओघळत नाही. ठोकळ्यासारखे दाणे आले की तोच माल पटकन गाळला जातो.

शून्याच्या बाटलीकडे बोट दाखवून ते म्हणाले, ‘ही बसायची नाय मॅडम. कापडातनं जाईल, नायतर कापडच बंद करील.’

तसंच झालं. तीस आणि शंभरच्या बाटल्या गाळून, डीएमएफनं आणि मग मिथेनॉलनं धुऊन ताटल्यांत पसरल्या, तोवर शून्याचा गाळ फिल्टरवर चिखल होऊन बसला होता. मिथेनॉल दोन-तीनदा बदलावं लागतं. पोकळीत अडकलेला डीएमएफ जड आहे, १५३ अंशांना उकळतो. त्याला आधी हलक्या मिथेनॉलनं हुसकवायचं, मग निर्वात ओव्हनमध्ये तापवून पोकळी रिकामी करायची.

दुपारी १२.१५, निळे अष्टफलक

यूआयओचे स्फटिक आमच्या साध्या मायक्रोस्कोपखाली नुसते ठिपके दिसतात. नव्या माणसाला आकार म्हणजे काय ते दाखवायचं तर तांब्याकडे जावं लागतं. एचकेयूएसटी-१, हाँगकाँगच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात १९९९मध्ये सापडलेलं : तांबं आणि ट्रायमेसिक आम्ल, ज्याला जोडणीची टोकं तीन.

काचपट्टीवर थेंब सोडला, भिंग सरकवलं. निळसर-हिरवे अष्टफलक, तळाला तळ लावलेल्या दोन पिरॅमिडांसारखे. काहींची टोकं धारदार, काहींची कापल्यासारखी बोथट. एका मोठ्या स्फटिकाच्या अंगावर छोटा स्फटिक तिरका उगवलेला. मुलगी भिंगावरून डोळा काढेना.

तिला बोथट टोकं दाखवून विचारलं, कोणती बाजू जोरात वाढली असेल? ती म्हणाली, जी मोठी दिसते ती. सगळे हेच उत्तर देतात, आणि ते उलटं आहे. ज्या बाजूवर थर भराभर चढतात ती पुढे पुढे सरकत निमुळती होते आणि शेवटी टोकात किंवा कडेत विरून जाते. ज्या बाजूवर थर सावकाश चढतात ती रुंदावत जाते आणि तीच अखेर स्फटिकाचं बाह्यरूप ठरते. आपल्याला दिसतो तो अष्टफलक म्हणजे मागे राहिलेल्या आठ बाजू.

म्हणून आकार बदलायचा तर एखाद्या बाजूला पळवून उपयोग नाही, हवी ती बाजू रोखावी लागते. कितागावांच्या गटानं २०११मध्ये याच निळ्या स्फटिकावर हे करून दाखवलं. मॉड्युलेटर म्हणून त्यांनी घेतलं लॉरिक आम्ल, म्हणजे खोबरेल तेलात जवळपास निम्म्यानं असतं ते. त्याचं प्रमाण वाढवत नेलं तसा अष्टफलक आधी टोकं कापलेला झाला आणि शेवटी चक्क घन झाला. आम्लानं घनाच्या सहा बाजूंची वाढ रोखली, त्या मागे राहिल्या, आणि राहिल्या त्याच दिसल्या. आतली जाळी दोन्हीकडे अगदी तीच. घर तेच, दर्शनी भिंती बदलल्या.

मग काचपट्टी तव्यावर ठेवली. पाणी उडालं तसा निळसर-हिरवा रंग गडद होत जांभळ्याकडे झुकला. पट्टी खिडकीजवळ आणली, खिडकीची फट उघडली. बाहेर मुसळधार चालू होता. काही मिनिटांतच कडेपासून रंग पुन्हा फिका पडत गेला; पाण्याचे रेणू तांब्यावर परत येऊन बसले. याघींनी वाळवंटातल्या कोरड्या हवेतून पाणी ओढणाऱ्या मॉफवर नाव कमावलं. आमच्याकडे मॉफ वजन करेपर्यंत भरून जातो.

१.१५, डबा

भाकरी, सुकट, अळूचं फदफदं. मामांना रॉबसनची गोष्ट आवडते, कारण तिची सुरुवात वर्कशॉपमध्ये होते. १९७४ साल, मेलबर्न विद्यापीठ. विद्यार्थ्यांना रेणूंच्या रचना दाखवायला लाकडी गोळे हवे होते, म्हणून रॉबसननी गोळ्यांना भोकं पाडायला सांगितली. भोकं कुठे पाडायची हे त्यांना नेमकं आखून द्यावं लागलं, आणि तेव्हा लक्षात आलं की भोकांच्या जागांतच पुढची सगळी रचना भरलेली आहे. हा विचार त्यांनी पंधराएक वर्षं बाळगला आणि १९८९मध्ये तांब्याची पहिली जाळी छापून आली. तेव्हाची जाळी ठिसूळ होती. पुढे कितागावांनी १९९७मध्ये वायू आत-बाहेर करणारी जाळी दाखवली, याघींनी मजबुती आणली.

‘म्हणजे सुताराचं काम,’ मामा म्हणाले.

‘भोकं पाडणाऱ्याला नोबेल नाही ना मिळालं,’ मुलगी म्हणाली.

घाटावर पुण्यात या विषयाची चांगली घडी बसली आहे. आयसरमध्ये रामनाथन वैद्यनाथन आणि सुजित घोष यांचे गट आहेत. कार्बन डायऑक्साइडचा रेणू जस्ताच्या जाळीत नेमका कुठे आणि कसा बसतो हे थेट दाखवणारा २०१०चा ‘सायन्स’मधला शोधनिबंध कॅनडातल्या कॅलगरीहून आला, आणि वैद्यनाथन त्याच्या लेखकांत होते. कॅलगरीच्याच काल्फ-२० या स्फटिकानं पुढे सिमेंट कारखान्याच्या धुरापर्यंत मजल मारली. त्याची मातब्बरी अशी की धुरात ओल असतानाही तो कार्बन डायऑक्साइड पकडतो. कोकणात राहणाऱ्याला याचं मोल जास्त कळतं.

२.३०, निकाल

मागच्या आठवड्यात पाठवलेल्या नमुन्यांचे निकाल मुंबईच्या प्रयोगशाळेतून ईमेलवर आले. आधी क्ष-किरणांचा आलेख. यूआयओ-६६ची ओळख पटते ती ७.४ आणि ८.५ अंशांजवळच्या दोन शिखरांवरून. तीस आणि शंभरच्या नमुन्यांत दोन्ही उंच आणि सडपातळ. शून्याच्या नमुन्यात त्याच जागी रुंद, बसके उंचवटे. जाळी आहे, पण तिची सलग रांग फार लांब जात नाही.

क्ष-किरण आतली रांग सांगतात. बाहेरचा आकार सांगायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. त्याचे फोटो उघडले. शून्य : फुलकोबीसारखे गड्डे, कडा कुठेच नाही. तीस : सुटे अष्टफलक, साधारण अर्ध्या मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरचा दोनहजारावा भाग. शंभर : त्याहून मोठे, कडा सुरीनं कापल्यासारख्या. मुलीनं शंभरचा फोटो लगेच मोबाईलच्या वॉलपेपरवर लावला.

तिसरा कागद पृष्ठफळाचा. यूआयओ-६६च्या एका ग्रॅममध्ये सुमारे १,२०० चौरस मीटर पृष्ठ अपेक्षित आहे. कर्जतच्या भाषेत १२ गुंठे. इथे गुंठ्याचा भाव बघता चिमूटभर पावडरीत फार्महाऊस बसतं. शंभरच्या नमुन्याचा आकडा मात्र १,२००च्या बराच वर. मुलगी खूश झाली. मला इथे थांबून विचार करावा लागतो. आकडा अपेक्षेपेक्षा वर गेला, याचा अर्थ बहुधा जाळीतल्या काही दांड्या बसल्याच नाहीत आणि त्यांच्या जागी ॲसेटिक आम्ल कायमचं बसून राहिलं. अडवायला आणलेला पाहुणा घरजावई झाला. पोकळी वाढली, पण सांध्याला आता बारा दांड्यांचा आधार नाही. काही कामांना अशी उणीव उपयोगी पडते, कारण वायूला शिरायला वाट मोठी होते. दाब सोसायचा असेल तर ती अडचण ठरते.

४.००, पाच लिटर

बाटलीत जमलं ते रिअ‍ॅक्टरमध्ये जमेलच असं नाही. वीस मिलिलिटरची बाटली सगळीकडून सारखी तापते. पाच लिटरच्या पात्रात भिंतीजवळचा द्राव आधी तापतो, मधला मागून. भिंतीशी बीजकण आधी जन्मतात, तिथेच पापुद्रा धरतो. ढवळलं तर उष्णता सारखी होते, पण स्फटिक पंख्यावर आपटतात, तुकडे उडतात आणि प्रत्येक तुकडा नवं बीज होतो. जन्म आवरायचे म्हणून दिवसभर धडपडायचं आणि ढवळणीनं ते पुन्हा वाढवून ठेवायचे.

मामांनी पंख्याचा वेग उतरवला. तळाला थर बसू नये इतपतच फिरवायचं. टेरेफ्थॅलिकचं द्रावणही एकदम न ओतता छोट्या पंपानं थेंबथेंब सोडायचं ठरलं, म्हणजे द्रावणात कोणत्याही क्षणी फार आम्ल साचणार नाही आणि जे येईल ते आहे त्या स्फटिकांवर चढेल.

रंग नाही, वास थोडा, आवाज फक्त पंपाचा. या कामात तासन् तास काहीच घडत नाही, आणि काही न घडणं हीच कामाची प्रगती असते. द्रावण पहिल्या तासाभरात दुधाळ झालं नाही, तर मामा समाधानानं तंबाखू मळायला बाहेर जातात.

५.४५, वाद आणि भरणी

सकाळच्या बाटल्या ओव्हनमध्ये गेल्या. झाकणं घट्ट, पण बाटली दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरलेली नाही; तापल्यावर आतला दाब वाढतो, त्याला जागा हवी. तापमान चढवायचं ते सावकाश, उतरवतानाही सावकाश.

आता निर्णय. एका ग्राहकाला वायूच्या चाचण्यांसाठी एक किलो हवं आहे. तीसपट की शंभरपट?

मुलगी शंभरच्या बाजूनं. तिच्याकडे फोटो आहे, पृष्ठफळ आहे, बाटली निवळण्याचा वेग आहे. मी तिला कागद-पेन दिलं आणि किलोचा हिशेब मांडायला सांगितला. एक किलो यूआयओ-६६साठी, काहीही वाया गेलं नाही असं धरून, झिर्कोनियम क्लोराईड ८४० ग्रॅम, टेरेफ्थॅलिक आम्ल ६०० ग्रॅम. इथवर ठीक. ॲसेटिक आम्ल तीसपटीनं साडेसहा किलो. शंभरपटीनं साडेएकवीस किलो. तिनं पेन खाली ठेवलं. एका किलोमागे साडेएकवीस किलो आम्ल आणायचं, तापवायचं, आणि मग डीएमएफमधून वेगळं करायचं किंवा प्रक्रियेला पाठवायचं. शिवाय मोठ्या स्फटिकाच्या गाभ्यापर्यंत वायूला पोचायला वेळ लागतो, आणि ग्राहकाला तर भरणं-सोडणं झटपट हवं आहे.

‘मग दहापट? आम्ल अजून वाचेल,’ ती म्हणाली. हटायला तयार नव्हती, ते मला आवडलं.

दहाची बाटली मी मामांपुढे धरली. सकाळी अकरापासून टेबलावर उभी होती, अजून पुरती निवळली नव्हती.

‘एक किलो ह्याचं गाळायचं?’ मामांनी विचारलं. ‘माझी रिटायरमेंट व्हायची तोवर.’

नोंदवहीत लिहिलं : मॉड्युलेटर ३० पट. पाणी मोजून. आम्ल पंपानं. ढवळणं मंद. एका बॅचमधून पन्नास-पंचावन्न ग्रॅम निघेल, म्हणजे किलो गाठायला अठरा-वीस बॅच, गणपतीपर्यंतचं काम. द्रावण जास्त दाट करून बॅच कमी करायचा मोह होईल, पण दाट द्रावणात बीजकणांचं पीक येतं, म्हणून तो रकानाच ठेवला नाही. मुलीनं त्याखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली, तिला ती शिस्त म्हणून वापरायची आहे : प्रत्येक बॅचमधला थोडा माल आधी मामांच्या टेबलावर निवळेल, मगच नमुना मुंबईला जाईल.

मी खाली सही केली. मामांनाही करायला लावली.